गावाचे नाव हेच भांडवल : पालघर व बोईसर-तारापूर पट्ट्यातील लघुउत्पादकांची बाजारपेठ

प्रास्ताविक

लघुउद्योगांच्या इतिहासात उत्पादन, भांडवल व श्रम यांची चर्चा पुष्कळ होते. माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचला याची नोंद मात्र क्वचितच आढळते. ज्याची जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत नव्हती, त्याने कागदपत्रेही मागे ठेवलेली नसतात. प्रस्तुत लेखात पालघर व बोईसर-तारापूर पट्टा आणि त्याला लागून असलेला डहाणू तालुका यांतील अशा उत्पादकांचा विचार केला आहे. येथे जाहिरातीचे काम बव्हंशी गावाच्या नावाने केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रेल्वे आणि टोपली

१८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पूर्ण झाल्यानंतर हा किनारी प्रदेश मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. भाजी, फळे व मासळी टोपल्यांतून गाडीने जाऊ लागली. मुंबईच्या बाजारात पिकविणाऱ्याचे अथवा जाळे टाकणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक असणार? ठाऊक होते ते गावाचे नाव. 'सातपाटीचा पापलेट', 'घोलवडचा चिकू' अशी विक्रेत्याची आरोळी हीच जाहिरात होती आणि तिला दमडीचाही खर्च नव्हता. अर्थात हे नाव सामाईक असल्याने एकाची खराब टोपली साऱ्या गावास भोवत असे. सातपाटीच्या मच्छीमारांनी पुढे सहकारी संस्थांद्वारे मासळीची एकत्रित विक्री केली, तिच्याकडे या दृष्टीनेही पाहावयास हवे. एरवी सहकाराचा विचार आपण कर्ज व बर्फ यांपुरताच करतो.

नावाची नोंदणी

फुकट मिळविलेले नाव दुसऱ्यालाही फुकट वापरता येते. अन्यत्र पिकलेले फळ घोलवडचे म्हणून विकले गेले, तर बागायतदाराकडे तक्रारीला आधार नव्हता. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि हा आधार प्रथमच उपलब्ध झाला. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या प्रयत्नांनी 'डहाणू घोलवड चिकू' या नावास २०१६ मध्ये मानांकन प्राप्त झाले. घोलवडच्या चुनखडीयुक्त जमिनीमुळे फळास विशिष्ट गोडी येते, असे मानले जाते. २०२१ मध्ये या मानांकित चिकूची ब्रिटनला निर्यात झाली. तथापि मानांकन संघाच्या नावे असले, तरी प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. दोन-चार झाडांच्या आदिवासी शेतकऱ्याच्या दृष्टीने हा अर्ज म्हणजे एक वेगळाच उंबरठा होय.

वारली चित्रकलेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. लग्नप्रसंगी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढावयाचा चौक हा विकण्याचा माल नव्हताच. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर उतरली व शहरात पोहोचली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पाठोपाठ या आकृत्या कपड्यांवर, कपबशांवर, कार्यालयांच्या भिंतींवर आल्या. २०१४ मध्ये मानांकन मिळाले, तोवर 'वारली' हा शब्द बाजारात एका जमातीऐवजी एका नक्षीचे नाव बनून गेला होता. येथे प्रसिद्धी भरपूर झाली. तिचा मोबदला कोणाकडे गेला, हा प्रश्न प्रसिद्धीच्या मोजपट्टीने सुटत नाही.

तारापूरचे नाव आणि चिंचणीचे साचे

तारापूरच्या बाबतीत उलट घडले. ऑक्टोबर १९६९ मध्ये येथील अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. तेव्हापासून देशभर 'तारापूर' म्हटले की अणुभट्टी व रासायनिक कारखाने आठवतात. गावाचे नाव एवढे मोठे झाले, की लहान धंद्याला ते वापरता येईना.

याच तारापूरच्या शेजारी चिंचणी परिसरात डायमेकिंगचा गृहोद्योग चालत आला आहे. दागिन्यांवर नक्षी उठविण्यासाठी लागणारे पोलादी साचे कारागीर हाताने कोरतात. या धंद्यात जाहिरात नाही, दुकानाची पाटी नाही. एका सोनाराने दुसऱ्यास सांगावे, त्याने नमुना पाठवावा, एवढ्यावर काम मिळते. तोंडी शिफारस बिनखर्चाची असते, परंतु तिची पोच सोनाराच्या पेढीपुरतीच असते. साचा हातात असलेल्या सोनारास कारागीर ठाऊक असतो. त्या साच्यातून निघालेली बांगडी घालणाऱ्या बाईस चिंचणी हे नाव ऐकूनही माहीत नसते. घोलवडचा चिकू गिऱ्हाईक नाव घेऊन मागतो, तशी चिंचणीच्या नक्षीची मागणी कोणी करीत नाही. त्यामुळे संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्रांवर साचे कोरले जाऊ लागले, तेव्हा हातकामाचा वेगळेपणा सांगून दर मागण्याची सोय या कारागिरांना राहिली नाही.