परांड्याची तोफ आणि तात्यांचा ट्रक

परांड्याच्या किल्ल्यात आबा मला बुरुजावर बसवायचे आणि जी तोफ आता तिथं नाही, तिची गोष्ट सांगायचे. मुलूख मैदान. १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीनं ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची. पुढं ती परांड्यात आली आणि १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार पंडितानं विजापूरला नेली. आबांची गोष्ट खरी इथून सुरू व्हायची. चारशे बैल, दहा हत्ती, वर माणसं किती त्याला गणती नाही. जोडीची ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, ती वर आलीच नाही.

तोफेनं कुणाला उडवलं, हे आबांनी कधी सांगितलं नाही. ते बैल मोजायचे. “चारशे बैल म्हंजी दोनशे जोड्या. त्या साली किती रानं पडीक राहिली असतील?”

आमचे चुलते, तात्या, तोफखान्यात होते. देवळालीला शिकले, मग ग्रॅडवर गेले. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, ते द्रासला होते. ग्रॅड म्हणजे ट्रकच्या पाठीवर चाळीस नळ्या. वीस सेकंदांत चाळीसही रॉकेटं सुटतात आणि वीस किलोमीटरपर्यंत जातात. तोफेत सगळा दणका नळीला सोसावा लागतो, म्हणून ती जड. रॉकेट आपली दारू पोटात घेऊनच निघतं, नळी त्याला नुसती दिशा देते, म्हणून तर चाळीस नळ्या एका ट्रकवर मावतात. नेम तोफेइतका बारीक नसतो. अख्खा कडा झोडपायचा असेल तेव्हा हे हत्यार. जुन्या फौजा उंटांवर लादून दारूचे बाण न्यायच्या, हे त्याच घराण्यातलं.

तात्या सांगायचे ते मात्र रस्त्याचं. तोलोलिंगच्या शिखरावरून शत्रूला हमरस्ता दिसत होता, म्हणून रात्री दिवे मालवून गाडी हाकायची. मारा झाला की धुराळ्याचा लोट उठतो, जागा उघडी पडते. उत्तर यायच्या आत तिथून निघायचं. मग भरणं. एक रॉकेट सहासष्ट किलोचं, पोत्यापेक्षा जड, आणि हातांनी उचलायची चाळीस. “सुटायला वीस सेकंद,” तात्या म्हणायचे, “भरताना पाठीचा काटा ढिला.”

त्याच लढाईत पिनाकाही डोंगरात पोचलं होतं. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत घडलेलं, नाव शंकराच्या धनुष्याचं. चव्वेचाळीस सेकंदांत बारा मोठी रॉकेटं. पुढं देवळालीला तात्यांनी ते जवळून पाहिलं. घरी येऊन पल्ल्याबद्दल चकार शब्द नाही. “भरायला क्रेनची गाडी सोबत असती,” एवढंच, दोनदा. आबा तेव्हा खाटेवर होते. त्यांनी मान हलवली. बैलांचा हिशेब त्या घरात दोघांनाच कळत होता.

आबा गेल्यावर मी तात्यांना विजापूरला नेलं. शेर्झा बुरुजावर लोक तोफेच्या जबड्यातल्या हत्तीचे फोटो काढत होते. तात्या बाजूच्या हौदापाशी थांबले. बत्ती दिल्यावर गोलंदाजानं कान वाचवायला त्यात बुडी मारायची, असं तिथं सांगतात. तात्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मी उजवीकडून गेलो, तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी वाकून हौदात हात घातला. तळाशी पाला होता, पाणी नव्हतं.