हत्यार बदलताना : मराठी हलत्या चित्रांची सव्वाशे वर्षे

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत हिशेब तपासण्याचे काम करतो आणि रात्री जेवणखाण आटोपले की चित्रे हलवत बसतो. गेली अकरा वर्षे त्याचा हा उद्योग चालू आहे. पोटासाठी नाही, निव्वळ हौस. दीड-दोन मिनिटांच्या फिल्म, त्याही वर्षाकाठी एक किंवा दोन. गेल्या श्रावणात तो घरी आला आणि चहा व्हायच्या आधीच म्हणाला, "मामा, सॉफ्टवेअर बदलू का?"

ज्यावर हात बसला त्या सॉफ्टवेअरचे महिन्याचे भाडे वाढत चालले होते. नवे फुकट होते, पण त्यात सगळीच मांडणी वेगळी. शिवाय जुन्या फायली नव्यात उघडत नव्हत्या. अकरा वर्षांचे काम मागे टाकून पुन्हा श्रीगणेशा करायचा का, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मी संगणकातला माणूस नाही. मला जुन्या चित्रपटांच्या इतिहासाचा नाद आहे, एवढेच. पण त्याचा प्रश्न ऐकला आणि वाटले की आपल्याकडे चित्रे हलवणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे तो कधी ना कधी उभा राहिलेला आहे. त्यांनी काय केले, काय टिकवले आणि काय गमावले, हे पाहणे उपयोगी ठरेल.

काचेवरची चित्रे

सुरुवात कल्याणपासून करावी लागते. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी. शंबरासुराच्या नावावरून आलेला हा शब्द. मॅजिक लँटर्नला, म्हणजे जादूच्या कंदिलाला, त्यांनी दिलेले हे मराठी नाव. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलासमोर धरून पडद्यावर मोठी करून दाखवायची. पटवर्धनांचे वैशिष्ट्य असे की ते एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून घेत आणि एकाहून अधिक कंदील वापरून त्या झपाट्याने बदलत. त्यामुळे पडद्यावरचे पात्र हलल्याचा भास होई. सोबतीला निवेदन आणि गाणी असत.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा आला आणि पुढच्या दोन दशकांत कंदिलाचा धंदा बसला. पण एखादी हालचाल किती तुकड्यांत मोडली म्हणजे डोळा फसतो, हे पटवर्धनांच्या घरात आधीच ठाऊक झालेले होते. हे ज्ञान काचेचे नव्हते, कंदिलाचेही नव्हते.

फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके यांनी तर आयुष्यभर हत्यारेच बदलली. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, मग जादूचे प्रयोग, त्यानंतर लोणावळ्यात ब्लॉक आणि छपाईचा व्यवसाय. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

भांडवल द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखून ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर तो वाटाणा भराभर उगवून वर आला. तो तुकडा पाहून त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला राजी झाले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. पुढे १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात आगकाड्या आपोआप हलतात आणि आकार बनवतात. थोडी काडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. आज माझा भाचा माउसने करतो ते हेच.

चित्रकार, छायाचित्रकार, जादूगार, मुद्रक यांतले जुने एकही कौशल्य फाळक्यांचे वाया गेले नाही. नवे यंत्र घेताना त्यांना शून्यापासून आरंभ करावा लागला तो फक्त यंत्रापुरता.

प्रभात : एक फसलेला बदल

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली. त्याच वर्षी तिने एक धाडस केले. 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करायचा म्हणून व्ही. शांताराम प्रिंट काढण्यासाठी जर्मनीला गेले. रंग मनासारखे आले नाहीत आणि खर्च अंगावर आला. लगेच १९३४ साली आलेला 'अमृतमंथन' कृष्णधवल होता. मात्र त्यात टेलिफोटो लेन्सचा जो वापर झाला, त्याची चर्चा आजही होते. म्हणजे नव्या साधनांचा सोस सुटला नव्हता. जे हाती लागत नव्हते तेवढे बाजूला ठेवले होते.

१९३४ सालीच प्रभातने 'जंबूकाका' हा कोल्ह्याच्या गोष्टीचा छोटा व्यंगचित्रपट काढला. अशा कामाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. बोलपटात सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेमना पुरवले तरी मिनिटाला ७२० चित्रे होतात, आणि ती सगळी हाताने काढायची. प्रभातने पुढे व्यंगचित्रपटांची वाट धरली नाही, याचे नवल वाटू नये. पण ट्रिक सीन्सची हौस कायम राहिली. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मधली चालती भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको.

गुरू परदेशी, गोष्ट आपली

स्वातंत्र्यानंतर हे काम संघटितपणे सुरू झाले ते मुंबईत. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात क्लेअर वीक्स हे डिस्नेचे अनुभवी अॅनिमेटर शिकवायला आले. त्यांचा जन्म भारतातलाच. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत जी. के. गोखले आणि राम मोहन होते. राम मोहन मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर. चित्रे काढणे हा त्यांचा छंद. १९५७ साली या विभागाने 'द बनयन डियर' पूर्ण केला. पद्धत डिस्नेची होती : कागदावर पेन्सिलीचे चित्र, त्यावरून पारदर्शक सेलवर शाईची रेघ, मागच्या बाजूने रंग. गोष्ट मात्र जातकातली आणि वळण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे.

याच सुमारास अमेरिकेत बदलाची दुसरी बाजू दिसू लागली. डिस्नेने १९६१ च्या '१०१ डाल्मेशियन्स'मध्ये पेन्सिलीची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली आणि हाताने शाई करणाऱ्यांची गरज घटली. १९९० पर्यंत सेलच गेले आणि रंग संगणकात भरले जाऊ लागले. चित्राला जीव देणाऱ्याचे काम राहिले, शाई गिरवणारीचे गेले. हत्यार बदलते तेव्हा झळ सगळ्यांना सारखी लागत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

भाड्याचे घर आणि गावठाण

हौशी माणसाच्या हाती हे सगळे आले ते संगणकामुळे. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश नावाचे छोटे सॉफ्टवेअर निघाले. मॅक्रोमीडियाने ते घेऊन त्याचे नाव फ्लॅश ठेवले. २००५ साली मॅक्रोमीडियाच अॅडोबीकडे गेली. जगभरच्या पोरांनी फ्लॅशवर हात साफ केला. पण ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि त्यावर चालणारी असंख्य छोटी चित्रे ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. आज त्यांतली बरीच पाहता येतात ती रफलसारख्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पांमुळे.

दुसरीकडे ब्लेंडरची गोष्ट आहे. नेदरलँड्सच्या टोन रोझेंडाल यांची कंपनी बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत १ लाख युरो उभे केले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळे झाले. लॅटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिस यांनी 'अवे' हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने मायावर केला आणि त्यानंतर ते ब्लेंडरकडे वळले. त्यांच्या 'फ्लो'ला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. हत्यार बदलल्याने त्यांची चाल बिघडली नाही.

आग

मग धोका कुठे आहे? त्याचे उत्तर पुण्यातच आहे. प्रभात बंद पडल्यावर तिच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले आणि १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे मिळतील ते तुकडे धुंडाळून तिथे आणले. पण जुनी फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती, प्रभातच्यासुद्धा, जळून गेल्या. ज्यांची वेळेवर दुसऱ्या फिल्मवर नक्कल झाली होती ते चित्रपट वाचले.

म्हणून भाच्याला मी सांगितले ते एवढेच : खुशाल बदल. पटवर्धनांपासून झिल्बालोडिसपर्यंत, हात आणि काळाची मोजणी माणसाबरोबर जाते; महिना-दोन महिने बोटे अडखळतील, मग सरावतील. पण जुने भाडे बंद करण्याआधी प्रत्येक फिल्म साध्या, क्रमांक घातलेल्या चित्रांच्या रूपात बाहेर काढ. आवाज वेगळा ठेव. कुठले चित्र किती फ्रेम धरले, ते वहीत लिही. दोन ठिकाणी प्रती ठेव, एक घराबाहेर.

गणपतीच्या सुट्टीत तो हे करायला बसला. चौदा फिल्म होत्या. बाराच्या फायली नीट उघडल्या. पहिल्या वर्षी केलेल्या दोन मात्र त्याच्या त्याच जुन्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतही उघडल्या नाहीत. त्यांतल्या एकीत त्याच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, गोष्ट सांगतानाचा आवाज होता. आवाजाची मूळ फाइल माझ्या जुन्या फोनमध्ये सापडली. चित्रे सापडली नाहीत. तीच गोष्ट तो आता नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा काढतो आहे.