हाफेनसिटी : भिंतीऐवजी उंच जोते

नदीकाठी वस्ती करायची तर पुरापासून संरक्षणासाठी भिंत वा बांध घालावा, असा सर्वसाधारण समज आहे. जर्मनीतील हाम्बुर्ग शहराने जुन्या बंदराच्या जागी 'हाफेनसिटी' वसवताना मात्र हा मार्ग नाकारला. नदीला अडवण्याऐवजी वस्तीच उंचावर नेण्याचा हा प्रयोग नगररचनेच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचा ठरला आहे.

हाम्बुर्ग समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, एल्ब नदीवर वसले आहे. तरीही वादळी वारे उत्तर समुद्राचे पाणी नदीमुखातून थेट शहरापर्यंत लोटतात. १९६२ च्या फेब्रुवारीत १६-१७ तारखेच्या रात्री बांध फुटले आणि शहरात ३१५ जणांचा बळी गेला. त्यानंतर बांध अधिक उंच व भक्कम करण्यात आले. परंतु जुन्या बंदराचा हा भाग बांधांच्या बाहेर, नदीच्या बाजूलाच राहिला.

कंटेनर वाहतूक वाढल्यावर मोठी जहाजे अन्य धक्क्यांकडे वळली व जुने धक्के मागे पडले. १९९७ मध्ये तत्कालीन महापौर हेनिंग फोशेराउ यांनी पुनर्विकासाची घोषणा केली आणि २००० मध्ये आराखडा मंजूर झाला. क्षेत्र सुमारे १५७ हेक्टर.

संपूर्ण क्षेत्राभोवती बांध घालायचा, तर तो पूर्ण होईपर्यंत एकही घर उभे करता आले नसते. शिवाय पाण्याशी असलेले नातेही तुटले असते. म्हणून उत्तर समुद्रकाठच्या जुन्या गावांची युक्ती स्वीकारण्यात आली. तेथे मातीच्या उंचवट्यांवर घरे बांधत; या उंचवट्यांना 'वार्फ्ट' म्हणतात. हाफेनसिटीत नव्या इमारती व मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर आणले गेले. इमारतींच्या जोत्यांच्या पोटात वाहनतळ असून, पूर आल्यास जोत्यांची दारे बंद करता येतात. त्यामुळे इमारती टप्प्याटप्प्याने उभारता आल्या आणि संरक्षणाचा बराच खर्च बांधकाम करणाऱ्यांकडे गेला. धक्क्यालगतच्या फिरण्याच्या वाटा मात्र मुद्दाम सखल ठेवल्या आहेत. मोठ्या भरतीत त्या पाण्याखाली जातात. अशा वेळी अग्निशमन दलाची वाहने पोहोचावीत म्हणून उंच पूलही बांधले आहेत.

डिसेंबर २०१३ च्या वादळात हाम्बुर्ग येथे पाण्याची पातळी ६.०९ मीटरपर्यंत चढली. १९६२ मध्ये ती ५.७० मीटर होती. पाणी अधिक असूनही त्या रात्रीची पुनरावृत्ती झाली नाही. याचे मुख्य श्रेय उंचावलेल्या बांधांना जाते; बांधांबाहेरील हाफेनसिटीची भिस्त मात्र जोत्यांवर होती.

टिकाऊपणाचा विचार एवढ्यावर थांबला नाही. २००७ पासून इमारतींना पर्यावरणविषयक प्रमाणपत्र देण्याची स्वतंत्र पद्धत सुरू झाली. २०१२ मध्ये भुयारी रेल्वे पोहोचली. जमीन सार्वजनिक मालकीची असल्याने केवळ जास्त बोलीऐवजी संकल्पनेचा दर्जाही विचारात घेऊन भूखंड देता आले.

उणिवाही आहेत. सुरुवातीच्या टप्प्यातील घरे महाग ठरल्याने हा श्रीमंतांचा परिसर असल्याची टीका झाली. पुढील टप्प्यांत अनुदानित घरांचा वाटा वाढवावा लागला. शिवाय समुद्राची पातळी वाढत राहिली, तर आज पुरेशी वाटणारी उंची उद्या अपुरी पडू शकते. पाण्याच्या काठी बांधलेले कोणतेही संरक्षण कायमचे नसते. त्याचा हिशेब प्रत्येक पिढीला पुन्हा मांडावा लागतो.