भूकंपमापकातील अवमंदन : मिल्न ते गॅलिट्झिन

जॉन मिल्न यांच्या आडव्या लंबकास पुरेसे अवमंदन नव्हते. भूमी शांत झाल्यावरही तो स्वतःच्या आवर्तकालाने झुलत राही. साहजिकच आलेखातील कोणते कंपन धरणीचे व कोणते यंत्राचे, हे ठरविणे दुष्कर होई. १८९८ मध्ये एमिल वीखर्ट यांनी लंबकास अवमंदनाची जोड दिली. पुढे १९०६ च्या सुमारास बोरिस गॅलिट्झिन यांनी लंबकावरील वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलवून प्रेरित विद्युतप्रवाह गॅल्व्हानोमीटरला दिला आणि चुंबकांमधील ताम्रपट्टीने आंदोलने शमविली. प्रस्तुत लेखकास विवर्धनापेक्षा हे शमनच अधिक मोलाचे वाटते. हौशी संशोधकांच्या मंडलात गॅल्व्हानोमीटरची जागा ऑपअँपने घेतली. वेटोळ्यास समांतर जोडलेला रोध मात्र ताम्रपट्टीचेच कार्य करतो. तो जितका लहान, तितके अवमंदन अधिक. परंतु विवर्धकाकडे जाणारा संकेतही क्षीण होतो.