मतपरीक्षेचा वाद आणि नीळकंठशास्त्री गोरे

आपला धर्म खरा आहे असे मानणारी माणसे जगात सर्वत्र आहेत. परंतु तो खरा असल्याचे आपण केव्हा व कसे ठरविले, हे सांगू शकणारा मनुष्य हजारांत एखादाच. बहुतेकांनी हा निर्णय कधी घेतलेलाच नसतो. देवघरातील समईचा उजेड, आजीच्या तोंडची कथा, वर्षाच्या ठरावीक दिवशी होणारा ठरावीक नैवेद्य, ह्यांच्याबरोबर तो निर्णय नकळत अंगी मुरलेला असतो. मग एके दिवशी कोणी परका समोर उभा राहून 'हे कशावरून?' असे विचारतो, आणि तेव्हा कोठे कारणांची शोधाशोध सुरू होते. ही कारणे खात्रीची जननी म्हणावयाची की तिची अपत्ये, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. आम्हांस तो येथे इतिहासाच्या अंगाने पाहावयाचा आहे. आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात उत्तर हिंदुस्थानात एक लेखी वाद झाला. त्यात भाग घेणारांपैकी एकाने पुढे स्वतःच आपली बाजू बदलली. हा मनुष्य कोकणस्थ ब्राह्मण होता, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर वाढलेला होता.

वादाचा आरंभ केला तो एका सरकारी अधिकाऱ्याने. जॉन म्यूर हे कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीतील स्कॉटिश गृहस्थ. कचेरीचे काम सांभाळून त्यांनी संस्कृतचा असा व्यासंग केला होता की, त्या भाषेत श्लोकरचना करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. १८३९ साली कलकत्त्यास त्यांचा 'मतपरीक्षा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुरू आणि शिष्य ह्यांच्या संवादाच्या रूपाने त्यात खऱ्या धर्मशास्त्राची लक्षणे सांगितली आहेत. धर्मसंस्थापकाच्या अंगी चमत्कार करण्याचे सामर्थ्य असावे, त्याची शिकवण पवित्र असावी आणि तो धर्म सर्व मानवजातीसाठी असावा, अशा ह्या तीन कसोट्या. त्या लावून पाहता ख्रिस्ती धर्म उतरतो व हिंदू धर्म उतरत नाही, हा ग्रंथाचा निष्कर्ष होता.

म्यूर ह्यांच्या ग्रंथात शिवीगाळ नव्हती. ज्या लोकांस पटवावयाचे त्यांच्या पवित्र भाषेत, त्यांच्याच पद्धतीने, बुद्धीला आवाहन करावे, हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. पण ह्या तीन कसोट्या त्यांना कोठून मिळाल्या? त्या काही सर्व धर्मांच्या वर असलेल्या एखाद्या निःपक्ष न्यायासनाकडून आलेल्या नव्हत्या. ख्रिस्ती धर्माची सत्यता सिद्ध करण्यासाठी ख्रिस्ती पंडितांनीच त्या आपल्या ग्रंथांवरून पिढ्यान् पिढ्या घडविल्या होत्या. शिंप्याने ज्याच्या मापाने अंगरखा बेतला त्याला तो नीट बसला, ह्यात नवल कसले? म्यूर ह्यांना मात्र ते माप आपल्या घरचे आहे हे दिसत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते साऱ्या जगाचेच माप होते. श्रद्धावंताच्या खात्रीचे पहिले रहस्य आम्हांस येथे दिसते. ज्या गजाने तो मोजतो तो गज त्याने कधी मोजून पाहिलेला नसतो.

ह्या ग्रंथास तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले उत्तर त्याच वर्षी 'मतपरीक्षाशिक्षा' ह्या नावाने निघाले. लेखकाने सोमनाथ हे नाव घेतले होते. परंतु ते भोपाळ संस्थानातील सीहोर येथील सुबाजी बापू असावेत असे अभ्यासक मानतात. हे सुबाजी बापू मोठे विलक्षण गृहस्थ होते. सीहोरचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन ह्यांच्या सहवासात त्यांनी जुने सिद्धांतज्योतिष व नवे पाश्चात्त्य ज्योतिष ह्यांची तुलना केली, पुराणांतील सपाट पृथ्वीची कल्पना टाकून दिली आणि त्या विषयावर मराठीतून ग्रंथ लिहिला. पण विल्किन्सन ह्यांनी जातिभेदावर कठोर टीका करणारी 'वज्रसूची' छापावयास काढली, तेव्हा ह्याच सुबाजींनी तिचे खंडन करणारा 'लघुटंक' लिहिला, आणि १८३९ साली मूळ ग्रंथ व खंडन ही दोन्ही एकत्र प्रसिद्ध झाली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ज्यांनी निर्भयपणे मान्य केले, त्यांनाच वर्णव्यवस्था हलताना पाहवली नाही. आकाशातील ग्रहांची स्थाने बदलली तरी घरातील पंगत बदलत नाही. वर्णव्यवस्था बदलली तर ती बदलते. तेव्हा शंका कोठपर्यंत जाऊ द्यावयाची ह्याची सीमा तर्क आखत नाही. जगण्याची घडी जेथे विसकटू लागते, तेथे ती आपोआप आखली जाते.

म्यूर ह्यांना सोमनाथांनी दिलेले उत्तर मात्र सौम्य होते. अधिकारभेदाप्रमाणे ईश्वरानेच निरनिराळे मार्ग निर्माण केले आहेत, ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे आणि दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करू नये, असा त्यांचा आशय आहे. आज हे मत आपल्याला उदार वाटते, आणि ते उदार आहेच. परंतु तेही अधिकारभेदाच्या आपल्याच कल्पनेवर उभे आहे. ईश्वराने सर्वांसाठी एकच मार्ग सांगितला असे मानणाऱ्या म्यूर ह्यांना ते उत्तर वाटणे शक्य नव्हते.

दुसरे उत्तर १८४० साली कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांनी दिले. त्यांची भाषा तिखट आहे. त्यांनी बायबलातील कथा त्याच कठोर तर्काच्या मुशीत घातल्या, ज्या मुशीत म्यूर ह्यांनी पुराणे घातली होती. वेदांविषयी बोलताना मात्र तेथे श्रद्धाच प्रमाण, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते ह्या साऱ्या वादाचे सार येथे आहे. दोन्ही पक्षांजवळ तर्क होता आणि दोन्ही पक्षांजवळ श्रद्धाही होती. फक्त दुसऱ्याच्या घरी जाताना प्रत्येकाने तर्क बरोबर नेला आणि स्वतःच्या घरी परतताना तो उंबऱ्याबाहेर ठेवला. परक्याचा चमत्कार ही दंतकथा, आपला तो इतिहास. परक्या ग्रंथातील विसंगती हा दोष, आपल्या ग्रंथातील ती गूढार्थाची खूण! ह्यात कोणी जाणूनबुजून लबाडी करीत नव्हता. ही दुहेरी मोजणी मन इतक्या सहजतेने करते की मोजणाराला तिचा पत्ताही लागत नाही.

तिसरे उत्तर काशीहून आले. झाशीजवळच्या काशीपुरा गावी १८२५ साली जन्मलेले नीळकंठशास्त्री गोरे काशीतच शिकले व वाढले. लहान वयात शास्त्राध्ययन करून त्यांनी १८४४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहिला. तो पुढे शंभरांहून अधिक वर्षे हस्तलिखितांतच राहिला आणि १९५१ साली उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेकडून सदाशिव कात्रे ह्यांनी संपादून प्रकाशित केला. तरुण नीळकंठशास्त्र्यांची भूमिका त्यात स्पष्ट आहे. अतींद्रिय विषयांत मनुष्याची बुद्धी लंगडी आहे. म्हणून आधी शास्त्रावर श्रद्धा ठेवावी आणि मग त्या श्रद्धेला अनुकूल असा तर्क चालवावा. ख्रिस्ती मतावरचे त्यांचे आक्षेप मात्र कोणासही विचारात पाडतील असे आहेत. जन्मांतर नसेल तर निष्पाप बालकाच्या वाट्याला दुःख का यावे? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले? चार दिवसांच्या आयुष्यातील अपराधासाठी अनंतकाळ नरक, हा कोणता न्याय?

ग्रंथ लिहून ते थांबले असते तर स्वमताचा एक कडवा कैवारी म्हणून त्यांची नोंद झाली असती. परंतु त्यांचे मन निराळ्या धातूचे होते. घराण्यातील शिवोपासना सोडून अभ्यासान्ती विष्णुभक्ती स्वीकारण्याचे धाडस त्यांनी ह्याआधीच केले होते. ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून ते काशीतील विल्यम स्मिथ ह्या मिशनऱ्याकडे जाऊ लागले व त्यासाठी बायबल वाचू लागले. वाद वर्षानुवर्षे चालला. स्मिथसाहेब न चिडता ऐकून घेत. हळूहळू खंडनासाठी उघडलेले पुस्तक निराळ्याच कारणासाठी उघडले जाऊ लागले. त्यातील नीतीचा उपदेश, विशेषतः डोंगरावरील प्रवचन, त्यांच्या अंतःकरणास भिडले. अखेर १८४८ च्या मार्चमध्ये काशीतील गहजब टाळण्यासाठी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. एका वेदशास्त्रसंपन्न कुटुंबावर तेव्हा काय कोसळले असेल, ह्याची कल्पना आपल्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही.

आता त्यांच्या विचाराची पुढची वाट पाहा. १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिले. त्याचे फिट्झएडवर्ड हॉल ह्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६२ साली निघाले. ह्या ग्रंथात सहा दर्शनांची, विशेषतः वेदान्ताची, त्यांनी कठोर चिकित्सा केली आहे. निर्गुण ब्रह्म, माया, अविद्या ह्या कल्पना साध्या विचारशक्तीला कशा पटत नाहीत, हे ते दाखवितात. एकोणिसाव्या वर्षी जी बुद्धी लंगडी होती ती पस्तिसाव्या वर्षी धावू लागली! पण पुढे ब्राह्मसमाजी मंडळी म्हणू लागली की, ईश्वराचे ज्ञान होण्यास मनुष्याची बुद्धी पुरेशी आहे, कोणत्याच ग्रंथाची गरज नाही. तेव्हा गोरे ह्यांनी उलट बाजूने लेखणी उचलली. केवळ बुद्धीच्या आधारे मनुष्यास हे ज्ञान होत नाही, त्याला ईश्वराने प्रकट केलेले शास्त्र लागते, असे ते प्रतिपादू लागले. युक्तिवाद जवळजवळ तोच, जो त्यांनी काशीत वेदांसाठी केला होता. फक्त वेदांच्या जागी बायबल आले होते.

ह्यावरून गोरे अप्रामाणिक होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. उलट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष त्यांचे सारे आयुष्यच देते. धर्मांतराने त्यांना ऐहिक सुख काहीच दिले नाही. पत्नी थोड्याच वर्षांत वारली. महाराजा दुलीपसिंगांच्या परिवाराबरोबर १८५४ साली ते विलायतेस गेले, तेव्हा पुस्तकातील ख्रिस्ती धर्म आणि लंडनच्या रस्त्यांवरील ख्रिस्ती जीवन ह्यांतील अंतर पाहून ते फार खिन्न झाले. ऑक्सफर्डला त्यांची गाठ पडल्याचे माक्स म्युलर ह्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १८७० मध्ये ते पाद्री झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या मनातील शंका दूर करण्यात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, असे रमाबाईंनी स्वतः मान्य केले आहे. असे असूनही शंकेने त्यांची पाठ कधी सोडली नाही. दुसऱ्यास निःशंक करणारा हा मनुष्य १८९५ साली मुंबईत देह ठेवीपर्यंत स्वतःच्या मनाशी झगडतच राहिला.

मग त्यांचे मन पालटले ते कशाने? त्यांनी पुढे केलेल्या युक्तिवादांनी, असे आम्हांस म्हणता येत नाही; कारण ते युक्तिवाद त्यांनी दोन्ही बाजूंनी वापरून दाखविले. पालट घडला तो एका पुस्तकाच्या सहवासाने, एका सौम्य माणसाच्या सोबतीने आणि आपल्याच अंतःकरणातील कसल्यातरी भुकेने. वेदांवरची त्यांची पहिली श्रद्धाही अशाच सहवासातून, घरातील वडीलधाऱ्यांच्या सोबतीतून उपजली होती. तर्क दोन्ही वेळा मागाहून आला. तो वकिलासारखा आला. अशिलाचा पक्ष त्याने निवडला नव्हता, पण एकदा वकीलपत्र घेतल्यावर मात्र त्याने मनापासून काम केले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. वकील म्हणून आलेला हा तर्क मधूनमधून न्यायाधीश होऊ पाहतो, हेही ह्या इतिहासात दिसते. अनंत नरकाविरुद्धचा नीळकंठशास्त्र्यांचा आक्षेप बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नाही. ख्रिस्ती झाल्यावरही तो प्रश्न त्यांना सतावीत राहिला. म्यूरसाहेबांचेही तसेच. १८५३ साली नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी आयुष्याची राहिलेली वर्षे मुख्यत्वे प्राचीन संस्कृत ग्रंथांतील मूळ वचने जमवून, त्यांची भाषांतरे करून, ती पाच खंडांत प्रसिद्ध करण्यात घालविली आणि १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या अध्यापनाची कायम सोय करून दिली. ज्या शास्त्रांची त्यांनी तरुणपणी एका छोट्या पुस्तकात परीक्षा घेऊन त्यांना नापास केले, त्यांच्याच चरणी पुढे त्यांनी विद्यार्थ्याच्या नम्रतेने दशके वेचली. त्यांनी स्वधर्म सोडला नाही. पण परीक्षकाची खुर्ची सोडली, असे आम्ही म्हणू.

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या वादाचे महत्त्व विशेष आहे. शेजारच्या बिऱ्हाडात निराळा देव पुजला जातो, निराळा सण साजरा होतो, आणि ती माणसेही आपल्याइतकीच सचोटीची, आपल्याइतकीच निश्चिंत मनाने श्रद्धा बाळगणारी असतात, हे गावाकडे न दिसणारे सत्य येथे रोज दिसते. त्यावर सगळेच धर्म खोटे असे म्हणणे सोपे आहे. सगळेच सारखे खरे असे म्हणून विचार टाळणे त्याहून सोपे आहे. दोन्हींत कष्ट नाहीत. कष्टाचे काम एकच आहे, आणि ते म्हणजे शेजाऱ्याच्या धर्माला जो गज लावतो तोच आपल्या धर्माला लावणे, आणि आपल्या धर्माला जी माया दाखवितो तीच त्याच्या धर्मालाही दाखविणे. नीळकंठशास्त्र्यांना हे काम पुरते साधले असे नाही. परंतु विरुद्ध पक्षाचा ग्रंथ खंडनासाठी का होईना, त्यांनी स्वतः उघडून अखेरपर्यंत वाचला, आणि आपल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणाला न मागता स्वतः मोजली. आपल्या धर्माच्या सत्यतेविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांनी कष्टाने मिळविला, त्यांत ह्या काशीकर कोकणस्थाचे नाव घ्यावेच लागेल. मग त्याचा निर्णय आपल्याला मान्य असो वा नसो.