वनहक्क, दवादारू आणि मामा तलाव

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे गाव आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी ज्या गावांना मिळाला त्यांत मेंढ्याचे नाव घेतले जाते. या लढ्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते 'वनहक्क' या शब्दाविषयी.

वन संस्कृत, हक्क अरबी. २००६ च्या केंद्रीय कायद्याला हिंदीत 'वन अधिकार' म्हणतात, मराठीत 'वनहक्क'. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो. आपल्याकडे अधिकार म्हटले की अधिकारी आठवतो, म्हणजे साहेब. हक्क म्हटले की जे आपलेच आहे आणि मागायला लाज वाटू नये असे काहीतरी आठवते. अरबीत 'हक' म्हणजे सत्यही आणि देणेही. अल्लाहच्या नावांत 'अल-हक' आहे, आणि माणसाचे माणसावर जे देणे लागते त्याला आपण 'हुकूकुल इबाद' म्हणतो. शब्दाचा हा सगळा पूर्वज मेंढ्याच्या माणसाला माहीत असण्याची गरज नाही. त्याला एवढे पुरे की 'वनहक्क' म्हटल्यावर कोणी कोणाकडे काही भीक मागत नाही.

तरीही अशा शब्दांवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला भेसळीचा : एक पाय संस्कृतात, दुसरा अरबी-फारसीत, ही कसली सोयरीक? दुसरा पुनरुक्तीचा : धन म्हणजेच दौलत, बाजार म्हणजेच हाट, रीत म्हणजेच रिवाज, मग दोन शब्द कशाला? अशा जोडांनी भाषा फुगते, वाढत नाही, असे म्हणणारे लोक आहेत. मराठी मुसलमानाला हा वाद नुसता व्याकरणाचा वाटत नाही. 'तुमचे शब्द बाहेरचे' हे वाक्य पुढे कुठे जाते ते त्याला ठाऊक असते.

पुनरुक्तीचा आक्षेप आधी घेऊ. दोन भाषा एका बाजारात, एका कचेरीत शेजारी बसल्या की लोक काय करतात? आपला शब्द उच्चारतात आणि समोरच्याचा त्याला लावतात, म्हणजे कोणाला अडचण नको. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी अशा जोडांना 'अनुवादी समास' म्हटले होते, कारण जोडातला एक शब्द दुसऱ्याचा अनुवाद असतो. हे फक्त हिंदुस्थानात झाले असे नाही. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचे राज्य आल्यावर तिथल्या कायद्यातही असेच झाले. मृत्युपत्राला आजही 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात. विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन, आणि अर्थ एकच. इंग्रजी त्यामुळे दरिद्री झाली असे कोणी म्हणत नाही.

शिवाय जोड फार काळ पुनरुक्ती राहत नाही. 'कागद' फारसीतून आला. 'पत्र' म्हणजे मुळात पान, ज्यावर लिहीत ते. दोन्ही एकत्र आले आणि 'कागदपत्र' झाले. त्याचा अर्थ कागदही नाही आणि पत्रही नाही. कागदपत्र म्हणजे पुरावा. बल्लारपूरचा कागद कारखाना वर्षानुवर्षे याच जंगलातल्या बांबूवर चालला, आणि बांबू तोडणाऱ्याकडे मात्र आपल्या जमिनीचे कागदपत्र नसायचे. एवढे सांगायला 'कागद' पुरला नसता, 'पत्र'ही पुरले नसते.

'दवादारू' पाहा. दवा अरबी, दारू फारसी. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत पुढे दारूचा अर्थ बदलला, तो आधी बंदुकीकडे गेला आणि बाटलीकडेही. पण जुना अर्थ एका ठिकाणी टिकून राहिला : 'म्हाताऱ्याच्या दवादारूला पैसे नाहीत' या वाक्यात. 'दारूगोळा'मध्ये बंदुकीची दारू टिकली. आणि 'दारूबंदी'मध्ये तिसरा अर्थ. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही जिल्ह्यांत ही मागणी मोर्चे काढून ज्या बायकांनी पुढे नेली, त्यांनी 'मद्यनिषेध' मागितला नव्हता, 'दारूबंदी' मागितली होती. एकाच शब्दाचे तीन काळ तीन जोडांनी जपून ठेवले आहेत. सुटा शब्द बदलत जातो, जोडातला शब्द जुना अर्थ धरून बसतो. हे दारिद्र्य असेल तर श्रीमंती कशाला म्हणायचे?

आता भेसळीचा आक्षेप. याला इतिहास आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभारातल्या सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण नंतर काय झाले तेही पाहावे. प्रधान हा शब्द कोशात गेला, राज्य मात्र पुढे पेशव्यांच्या नावाने ओळखले गेले. फडणवीस, चिटणीस, किल्लेदार, सुभेदार हे शब्द लोकांनी सोडले नाहीत. उलट त्यांची आडनावे झाली.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिनांक असे काही शब्द रुळले, आणि ते चांगले शब्द आहेत हे कबूल करायला हरकत नाही. पण 'दिनांक' अर्जावर राहिला आणि 'तारीख' कोर्टात राहिली. तारखेवर तारीख पडते, दिनांकावर दिनांक पडत नाही. गंमत म्हणजे ज्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. ज्याला या शब्दांची सर्वांत जास्त ओळख होती त्यालाच ते काढून टाकावेसे वाटले. दुसऱ्या बाजूला डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकाने फारसी आणि मराठीचे नाते आयुष्यभर उलगडून दाखवले, आणि १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्ष केले.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारने पदांच्या नावांचा 'पदनाम कोश' काढला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. त्या वाटेने जंगलात वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, उपवनसंरक्षक आले. पाटी बदलली. लोक गार्ड आणि रेंजरच म्हणत राहिले.

चांदा जिल्ह्याची गोष्ट इथे थोडी वेगळी होते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. चांद्यावर गोंड राजांचे राज्य होते आणि त्यांच्या नावांमागे 'शाह' लागायचे : बल्लाळशाह, बीरशाह, रामशाह. गोंड राजा, फारसी बिरुद, आणि राणी हिराईने बांधलेली बीरशाहाची समाधी आजही चंद्रपुरात उभी आहे. शहराच्या परकोटाचा एक दरवाजा पठाणपुरा. आज त्याला सगळे 'पठाणपुरा गेट' म्हणतात, म्हणजे एका नावात तीन भाषा. १७५१ साली राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले, १८५४ साली इंग्रजांकडे, आणि १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रांताचा व नंतर मध्य प्रदेशाचा होता. म्हणून इथल्या कारभाराचे शब्द पुण्या-साताऱ्याचे नाहीत. इथे खोत नव्हता, मालगुजार होता. आणि इथे निस्तार होता.

मालगुजारी हा सबंध बाहेरून आलेला समास. माल म्हणजे महसूल, गुजारी म्हणजे भरणे. या मालगुजारीच्या काळात आणि त्याआधी गोंड राजांच्या काळात पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले गेले. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले, आणि गावाने मिळून गाळ काढायची, पाळ राखायची जुनी रीत मोडत गेली. सरकारी दप्तरात त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव'. माजी अरबी, माल अरबी, गुजारी फारसी, तलाव आपला. एवढे लांब नाव कोण घेणार? दोन आद्याक्षरे उचलली आणि झाले 'मामा तलाव'. आज चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात हे नाव सर्रास चालते. महसुलाच्या कोरड्या शब्दाचा मामा झाला. आईचा भाऊ, अडीनडीला धावणारा. कोणत्याही कोशमंडळाला हे सुचले नसते.

निस्तार म्हणजे रोजच्या गरजा भागवणे : जळण, घराला लाकूड, जनावराला चारा. मालगुजारी गेल्यावर गावांचे हे हक्क निस्तारपत्रकात लिहिले गेले. मेंढ्याच्या माणसांनी पुढे जंगलावरचा हक्क सांगितला तेव्हा हा जुना कागद त्यांच्या उपयोगी पडला. त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 'सरकार' हाही जोडशब्दच. सर म्हणजे डोके, कार म्हणजे काम, दोन्ही फारसी. आणि २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन जे पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले, ते बांबूच्या 'वाहतूक परवान्या'चे. वाहतूक मराठी, परवाना फारसी. ग्रामसभा संस्कृत. त्या दिवशी गावात कोणाला यातला कोणता शब्द परका वाटला असेल?

मग जोडशब्द नेहमीच भाषेला वाढवतात का? नाही. आणि हे सांगितल्याशिवाय वरचे सगळे एकतर्फी होईल.

'गौण वनोपज' हा शब्द घ्या. यात मोहफूल येते, तेंदूपाने येतात, चारोळी, डिंक, हिरडा, मध येतो. ज्या घराचे उन्हाळ्यातले रोख पैसे तेंदूच्या हंगामातून येतात त्या घराला हे 'गौण' कसे? एका समासाने दहा नावे गिळली आणि वर त्यांची किंमतही ठरवून टाकली. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत वाघाने माणूस मारला की सरकारी भाषेत त्याला 'मानव-वन्यजीव संघर्ष' म्हणतात. शब्दात भेसळ कुठेही नाही. पण कोण मेले, सरपणाला गेलेली बाई की मोहफुले वेचणारा म्हातारा, हे त्यातून नाहीसे झाले. 'नक्षलग्रस्त' हा शब्द वर्तमानपत्रांनी गडचिरोलीला इतका चिकटवला आहे की जिल्ह्याचे ते पहिले नावच वाटावे.

'आदिवासी' आणि 'वनवासी' हे दोन्ही शब्द अस्सल संस्कृत. शुद्धीच्या परीक्षेत दोघांना पैकीच्या पैकी गुण. पण पहिला म्हणतो, हे लोक इथे आधीपासून आहेत. दुसरा म्हणतो, हे लोक रानात राहतात. यातला एक शब्द हक्क देतो, दुसरा फक्त पत्ता देतो. आपल्या बाजूलाही अलीकडे असे जोड तयार झाले आहेत. कोणत्याही शब्दापुढे 'जिहाद' लावला की बातमी तयार होते : लव्ह जिहाद, लँड जिहाद, व्होट जिहाद. दोन शब्द जोडून शेजार तोडता येतो.

म्हणून मूळ कुठले, ही कसोटी चालत नाही. भेसळीचा 'वनहक्क' बळ देतो आणि शुद्ध 'गौण वनोपज' हिरावून घेतो. विचारायला हवे ते एवढेच : हा शब्द कोणाच्या तोंडी आहे? ज्याच्याविषयी आहे तो माणूस तो वापरू शकतो का? आणि त्याच्या येण्याने जुने छोटे शब्द जगले की मेले? बाबा आमट्यांनी १९७३ साली हेमलकशाला काम सुरू केले आणि त्याला 'लोकबिरादरी' नाव दिले. लोक संस्कृत, बिरादरी फारसी, अर्थ भावकी. आधीचे 'आनंदवन' त्यांनीच संस्कृतातून घेतले होते. दोन्ही नावे टिकली, कारण दोन्हींत माणसाला जागा होती.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरातली. शुद्धीचा सोस दुसऱ्यांनाच आहे असे समजू नये. रोजा आणि नमाज हे फारसी शब्द म्हणून बाजूला सारून सौम-सलात म्हणावे, खुदा हाफिज म्हणू नये, असा आग्रह आपल्याकडेही वाढतो आहे. ज्याला अरबी शब्द प्रिय असेल त्याने तो जरूर वापरावा. पण आपल्या आज्या-पणज्यांनी 'रोजानमाज' म्हणत आयुष्य काढले, 'सणवार' केले, 'दवादारू' केली, 'लाजशरम' राखली. त्यांची इबादत त्यामुळे उणी झाली नाही आणि त्यांची मराठीही. मराठीतून फारसी उपटणारा आणि आपल्या बोलीतून फारसी-मराठी उपटणारा, हे दोघे एकच काम करतात. त्या कामाला आपण हातभार लावू नये.