लाव्हा टिकवायचा तर आधी रान टिकवा. अमेरिकेतील बॉबव्हाइट संशोधनाला शंभर वर्षे

शिवारातून चालताना अगदी पायाजवळून भुर्रकन उडणारा लाव्हा बेळगाव, खानापूर भागातील शेतकऱ्यांना नवा नाही. अमेरिकेतही दिसायला असाच एक पक्षी आहे. नराची शीळ 'बॉब-व्हाइट' अशी ऐकू येते म्हणून त्याचे नावच बॉबव्हाइट पडले. शास्त्रज्ञ त्याला आपल्या लाव्ह्यापेक्षा वेगळ्या कुळात धरतात, पण राहणीमान बरेचसे सारखे. जमिनीवर घरटे, गवतात लपणे, बिया आणि किड्यांवर गुजराण.

शिकारीसाठी प्रसिद्ध असल्याने या पक्ष्यावर जेवढा अभ्यास झाला, तेवढा फार थोड्या रानपक्ष्यांवर झाला असेल. तरीही उत्तर अमेरिकेत १९६६ पासून दरवर्षी होणाऱ्या पक्षी सर्वेक्षणानुसार त्याची संख्या ८० टक्क्यांहून जास्त घटली आहे. मग एवढ्या संशोधनाने काय साधले?

पक्ष्याचा जमाखर्च

बॉबव्हाइटचे गणित समजून घेतल्याशिवाय बाकीचे कळत नाही. यंदाच्या १०० पक्ष्यांपैकी पुढच्या वर्षी साधारण २० ते ३० च उरतात. ससाणे, साप, कोल्हे, थंडी, शिकार असा खर्च चालूच असतो. जमेच्या बाजूला मादी एका वेळी साधारण १२ ते १४ अंडी घालते. ती २३ दिवसांत उबतात. एक घरटे मोडले तर जोडी दुसरे करते. काही घरटी तर नर एकटाच उबवतो.

म्हणजे हा पक्षी दीर्घायुष्यावर नाही, पिलांवर टिकतो. पिले वाढण्याजोगे रान नसेल, तर एक-दोन वर्षांतच खाते तोट्यात जाते.

आगीने दिलेला धडा

१९२४ साली जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवरील रेड हिल्स भागातील मळेमालकांनी पैसे घातले आणि केंद्र सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या साथीने अभ्यास सुरू झाला. काम सोपवले हर्बर्ट स्टोडार्ड यांच्यावर. त्यांनी घरटी मोजली, मेलेल्या पक्ष्यांच्या पोटातील दाणे तपासले आणि १९३१ मध्ये जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यातला एक निष्कर्ष त्या काळी पचणारा नव्हता. पाइनच्या विरळ जंगलात ठरावीक काळाने हलकी आग लावली पाहिजे, असे स्टोडार्ड सांगत होते. तेव्हा वनखाते वणव्याविरुद्ध जोरात प्रचार करत होते. पण आग थांबली की झुडपे दाटतात, वाळलेल्या पानांचा थर साचतो आणि अंगठ्याएवढ्या पिलांना खाली पळायला जागाच राहत नाही. पिलांना पहिल्या आठवड्यांत किडेच लागतात. ठोंबाठोंबाने वाढलेले गवत आणि मध्ये मोकळी माती असेल तिथेच ते सहज मिळतात.

पुढे १९५८ मध्ये तालाहासीजवळ टॉल टिंबर्स संशोधन केंद्र उभे राहिले. १९६२ पासून तिथे आगीच्या अभ्यासावर परिषदाही भरू लागल्या. सगळे रान एकदम न जाळता तुकड्यातुकड्याने जाळायचे, म्हणजे शेजारी आसरा शिल्लक राहतो, ही पद्धत आज तिथे रुळली आहे.

पक्षी आणून सोडले तर?

पक्षी कमी झाले तर पाळून सोडावेत, हा सगळ्यांनाच सुचणारा उपाय. तो फारसा चालला नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांना शत्रूपासून लपणे नीट जमत नाही, त्यामुळे बहुतेक थोड्याच दिवसांत मारले जातात. हे पक्षी कुठे जातात, कधी मरतात हे गळ्यात अडकवलेल्या काही ग्रॅम वजनाच्या रेडिओ ट्रान्समीटरमुळे कळू लागले. त्यापेक्षा चांगल्या रानातले जंगली पक्षी पकडून दुसऱ्या सुधारलेल्या रानात सोडण्याचे प्रयोग जास्त आशादायक ठरले. पण रान आधी तयार हवे.

टेक्सासमधील जंत

पश्चिम टेक्सासात पावसाबरोबर या पक्ष्यांची संख्या वर-खाली होते. २०१० च्या सुमारास मात्र रान ठीक असूनही पक्षी गायब झाले. रोबी गावाजवळ २००७ मध्ये सुरू झालेले रोलिंग प्लेन्स क्वेल रिसर्च रँच आणि टेक्सास टेक विद्यापीठ यांनी २०११ पासून रोगांचा तपास हाती घेतला. अनेक पक्ष्यांच्या डोळ्यांत जंत सापडले. नाकतोडे, रातकिडे असे किडे खाल्ल्यावर हे जंत पक्ष्याच्या अंगात जातात.

त्यावर फेनबेंडाझोल हे जंतनाशक मिसळलेले खाद्य तयार झाले आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली. तरी वाद मिटलेला नाही. जंतांमुळे एखादा पक्षी आजारी पडतो हे मान्य, पण सगळी संख्या त्यामुळेच घसरते का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पाऊस आणि रान हीच मुख्य कारणे, असे अनेकांचे म्हणणे आहे.

पैसा कुणाचा, जमीन कुणाची

या संशोधनामागे शिकाऱ्यांचा मोठा पैसा आहे. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कराची रक्कम वन्यजीवांसाठी राज्यांना मिळते. रायफली व काडतुसांवर हा कर आज ११ टक्के आहे. खासगी देणग्याही येतात.

अडचण जमिनीची आहे. बॉबव्हाइटचे बरेचसे रान खासगी शेतांवर आहे. बांध काढून मोठी केलेली शेते, तणनाशके, चटईसारखे दाट वाढणारे परदेशी चाऱ्याचे गवत यांत या पक्ष्याला थारा नाही. २००२ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय आराखडा आला, २०११ मध्ये तो २५ राज्यांसाठी सुधारण्यात आला. पण एका शेतकऱ्याने बांधावर गवत राखून भागत नाही, शेजाऱ्यांनीही राखावे लागते. काय करायचे हे शास्त्रज्ञांना बऱ्याच अंशी ठाऊक आहे. ते किती एकरांवर होईल, हे आता जमीनमालकांच्या हातात आहे.